राहून गेलेले कार्ड

माणसाच्या हौसेला मोल नसते म्हणतात. अमेरिकेत च्युइंगगमच्या पुडीतून मिळणारी बेसबॉलपटूंची कार्डे जमवणारे पुष्कळ झाले. पण काही हौशी मंडळी ती घरीच तयार करतात! तसे पाहिले तर १९५१ साली साय बर्जर आणि वुडी गेलमन यांनी टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या कार्डांचा नमुना ब्रुकलिनमधल्या एका स्वयंपाकघराच्या टेबलावरच घडवला होता. जुने छायाचित्र निवडायचे, त्या काळची चौकट नि अक्षरवळण साधायचे, पाठीमागे खेळाडूचे आकडे मांडायचे आणि अडीच बाय साडेतीन इंचांचा तुकडा नेटका कापायचा.

ही नुसती करमणूक नव्हे. जॉश गिब्सनसारखा फलंदाज केवळ कृष्णवर्णीय म्हणून मोठ्या लीगबाहेर राहिला. १९४७ च्या जानेवारीत तो वारला आणि एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी ते दार उघडले! २०२४ साली कृष्णवर्णीयांच्या 'निग्रो लीग'चे आकडे अधिकृत नोंदींत आले, तेव्हा .३७२ सरासरीने गिब्सन सर्वकालीन यादीत पहिला ठरला. अशा खेळाडूचे राहून गेलेले कार्ड करणारा हौशी एक जुने देणेच फेडत असतो. मात्र कार्डामागे 'हे नवे' असे स्पष्ट लिहावे. नाहीतर छंदाची लबाडी व्हायला वेळ लागत नाही.