एका मडक्यातून पाव आणि विंदालू

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल अशी चारी दिशांची वाहनं एकमेकांत अडकलेली असतात. कंटेनर जागचा हलत नाही, रिक्षा मिळेल त्या फटीत घुसते आणि कडेच्या गाडीवर गरम वडा लादीतून नुकत्याच तोडलेल्या पावात जाऊन बसतो. तो खाता खाता एक हिशोब करून बघा. बटाटा अँडीजच्या डोंगरांतला. मिरची अमेरिका खंडातली. चटणीत शेंगदाणे असतील तर तेही दक्षिण अमेरिकेतलेच. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा या मुलखात यातलं काहीच नव्हतं. बेसन, हळद, लसूण तेवढी आपली.

हे सगळं इकडे आणणारे पोर्तुगीज नुसते बंदरात माल उतरवून गेले असंही नाही. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने त्यांना वसई दिली. ठाणं मराठ्यांनी 1737 मध्ये घेतलं आणि वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे राहत, जेवत होते. आणि जेवणाचीच त्यांना मोठी अडचण होती.

पोर्तुगीज माणसाला ताटात पाव लागतो. मांस टिकवायची त्यांची एक जुनी रीत म्हणजे ते वाइन आणि लसणीत मुरवून ठेवायचं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर नाताळात हा पदार्थ आजही होतो. पण पाव फुगवायला खमीर हवं आणि मुरवणाला वाइन. कोकण-गोव्यात द्राक्षांचे मळे कुठून आणणार?

इथे माड मदतीला आला. नारळाची न उमललेली पोय बांधून तिचं टोक रोज पातळसं कापत राहिलं की थेंब थेंब रस मडक्यात पडतो. पहाटे तो गोड असतो. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट त्यातली साखर खाऊ लागतं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ऊन वर येईपर्यंत रसावर फेस चढलेला असतो. ही झाली माडी. ती मैद्यात घालून मळली की यीस्ट तिथेही काम चालूच ठेवतं. वायू कणकेच्या चिवट जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, असा पाव पिढ्यान् पिढ्या भाजला.

आता तीच माडी मैद्यात न घालता हवा लागेल अशी ठेवून द्या. काही आठवड्यांत जिवाणू मद्यार्काचं आम्ल करतात. ते माडाचं व्हिनेगर! त्यात लसूण, मिरची, जिरं, मिरी वाटून डुकराच्या मांसाला चोळली की मदेराच्या पदार्थाचा विंदालू होतो. ताटातला पाव आणि पावाबरोबरचं कालवण, दोन्हींचं मूळ एकाच मडक्यात. मला तर हे कुठल्याही साम्राज्याच्या इतिहासापेक्षा थोर वाटतं.

पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातलं सारापातेल गोव्यात सोरपोटेल झालं. वसई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत विंदालूचा भाऊ इंदियाल शिजतो आणि लग्नकार्यात पिठाचे फुगे तळले जातात. गंमत मिरचीची आहे. जगभर ती वाहून नेणाऱ्या पोर्तुगिजांनी स्वतःच्या घरी मात्र तिला हात राखूनच वापरलं. तिकडचं रोजचं जेवण म्हणजे खारवलेला कॉड मासा, बटाटे, ऑलिव्ह तेल, लसूण. आपल्या माणसाला ते आजाऱ्याचं जेवण वाटेल.

आणि उपासाला चालणारी साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा. बटाटा, दाणे, मिरची यांची गावं वर आलीच आहेत. सोवळ्यातल्या पदार्थात जिरं, मीठ, तूप सोडलं तर जवळपास सगळं समुद्रापलीकडचं.

शीळफाट्याचा पाव आता कारखान्यातल्या यीस्टवर फुगतो, आणि गोव्यातही माडीचा पाव दुर्मीळ झाला आहे. व्हिनेगर मात्र अजून मिळतं. गोव्याला गेलात तर काजूच्या पाकिटांबरोबर माडाच्या व्हिनेगरची एक बाटली आणा. डुकराचं चालत नसेल तर मटणाला लावा, रात्रभर मुरू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पावाबरोबरच खा.