आधी समोरच्याची बाजू

सकाळी ६.००

नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातला शेवटचा धडा ‘आंतरराष्ट्रीय समस्या’. त्यातला निर्वासितांचा प्रश्न आज वर्गात घ्यायचा आहे. नुसता वाचून दाखवला तर अर्ध्या तासात उरकेल आणि परीक्षेतल्या टीपेपुरता उरेल. मला मुलांचं बोलणं हवं आहे. पण ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं चौदा वर्षांच्या मुलांना एकदम विचारलं, की ठरलेली पाच-सहा मुलं मोबाइलवर ऐकलेलं बोलतात आणि बाकीचा वर्ग ऐकत बसतो. चर्चेचीही तयारी लागते. मुलांच्या हातात माहिती हवी, प्रत्येकाला काम हवं आणि प्रश्न असा हवा की दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं काही असेल.

चहा होईपर्यंत सहा कार्डं लिहून होतात. एका कार्डावर एक प्रवास : पोलंडहून वळिवडे, सिंधमधून गांधीनगर, तिबेटमधून भारत, पूर्व पाकिस्तानातून भारत, म्यानमारमधून बांगलादेश, युक्रेनमधून पोलंड. त्यात फक्त केव्हा, किती, का आणि पुढे काय झालं एवढंच. विशेषणं मी गाळते. ‘बिचारे’ काय किंवा ‘घुसखोर’ काय, असा शब्द कार्डावर आला की मुलांना विचार करायला काही उरतच नाही.

पिशवीत दोन-तीन ओंजळी चिंचोके भरून घेते. त्यांचं काम दुपारी.

९.४५

शाळेला जाताना वाटेत कोल्हापूरजवळचं गांधीनगर लागतं. कापडाच्या दुकानांची शटरं वर जात असतात, टेम्पोतून गठ्ठे उतरत असतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे दिवाळीचे कपडे इथलेच. १९४३ ते १९४८ या काळात इथं, वळिवड्यात, सुमारे पाच हजार पोलिश माणसांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि त्यातली काही माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या, चर्च उभं राहिलं. ती माणसं गेली आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच जागी राहायला आली. आजची बाजारपेठ त्यांनी उभी केली.

जगाचा प्रश्न शिकवायला निघालेल्या शिक्षकाला याहून चांगला आरंभ कुठे मिळणार? मुलांनी तुडवलेल्या रस्त्याखालीच दोन खंडांचा इतिहास आहे.

१०.५०

परिपाठात आज बातम्या नववीच्या. आमचा एक नियम आहे : बातमी वाचली की दोन गोष्टी सांगायच्या. ही माहिती कोणी दिली, आणि ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांच्यापैकी कोणी यात बोललं आहे का. भूमध्य समुद्रात बुडालेल्या बोटीची बातमी वाचून मुलगी म्हणाली, “यात अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे, मंत्र्यांचं आहे. बोटीतल्या कुणाचंच नाही.” एवढं लक्षात येणं ही आजच्या धड्याची निम्मी तयारी झाली.

११.२०

शिक्षक खोलीत गणिताचे सर विचारतात, “मॅडम, असल्या चर्चांत पोर्शन कधी संपायचा?” त्यांची काळजी खरी आहे. मी कार्डं त्यांच्यापुढे ठेवते. पुस्तकातले मुद्दे या कार्डांत आहेतच, फक्त ते मी सांगणार नाही, मुलं एकमेकांना सांगणार आहेत. सर कार्डं वाचतात आणि दुपारची आपली तासिका मला देऊ करतात. माझी गुरुवारची त्यांना.

१२.००

“घर सोडायचं आहे. पाच मिनिटं आहेत आणि दप्तराएवढी एकच पिशवी. काय घ्याल ते लिहा. ज्यांना लिहायचं नाही त्यांनी नाही लिहिलं तरी चालेल.” ही सूट आमच्या भागात द्यावीच लागते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात यांतली कितीतरी मुलं आई-बापांच्या खांद्यावरून बाहेर पडली आहेत.

मोबाइल, आधार कार्ड, दागिने, आजीच्या गोळ्या, शाळेचा दाखला अशा याद्या होतात. एका मुलाचा कागद कोरा. “मॅडम, म्हस कशी घालायची पिशवीत?” कोणी हसत नाही. तो सांगतो, “आज्जा म्हशी सोडून निघंनाच झाला. शेवटाला दावी कापली, तवा बोटीत बसला.” मग दुसरा बोलतो, तिसरी बोलते. लोक वेळेवर का निघत नाहीत, याचं उत्तर वर्गाला माझ्याकडून नको असतं.

इथंच मी हा उपक्रम थांबवते. पाच मिनिटांच्या पिशवीवरून पाच वर्षांची छावणी कळत नाही, आणि ती कळल्याचा आव मुलांनी आणू नये असं मला वाटतं. आता कार्डं.

वर्गात ४८ मुलं आहेत. सहा-सहांचे आठ गट, प्रत्येक गटात सहाही कार्डांच्या प्रती, एकेकाला एक. एकाच कार्डाची मुलं आधी एकत्र बसतात, शंका सोडवतात, मग आपापल्या गटात परत येऊन शिकवतात. ही पद्धत एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बसवली. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा नुकत्याच एक झाल्या होत्या आणि वर्गात धुसफूस होती. प्रत्येकाच्या हातात असा तुकडा दिला, की त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडेल; मग त्याचं ऐकून घ्यावंच लागतं. आमच्या वर्गात वेगळ्या रेषा आहेत, गल्लीच्या, जातीच्या, मार्कांच्या. त्यांनाही ही पद्धत लागू पडते. एरवी मागच्या बाकावर खाली मान घालून बसणारा मुलगा आज १९७१ सांगतो आहे : पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली, आणि बांगलादेश झाल्यावर बहुतेक परतली.

मग मी विचारते, जगातले सर्वात जास्त निर्वासित कुठं जातात? “अमेरिका!” “युरोप!” फळ्यावर आकडे लिहिते. युद्ध आणि छळामुळे घर सोडावं लागलेली माणसं १२ कोटींच्या आसपास. त्यातली निम्म्याहून अधिक आपल्याच देशात विस्थापित. सीमा ओलांडणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश शेजारच्याच देशात थांबतात. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, आणि बांगलादेश श्रीमंत देश नाही. वर्ग कार्डं पुन्हा चाळतो. युक्रेनचं कार्ड हातात असलेली मुलगी थांबून म्हणते, “म्हणजे ज्यांना आपल्याकडं जागा दिली, त्यांच्या देशानं २०२२ मध्ये युक्रेनवाल्यांना जागा दिली. आणि तिकडं शिकणारी आपली काही पोरंबी पोलंडमधून घरी आली.” ही जोडणी तिची, कार्डावर ती नव्हती.

२.३०

मधल्या सुट्टीनंतर फळ्यावर प्रश्न : ‘भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही करावी का?’ भारताने त्यावरही सही केलेली नाही आणि १९६७ च्या पूरक करारावरही नाही.

चौघांचा गट, दोघं सही करावी म्हणणारे, दोघं करू नये म्हणणारे. बाजू मी ठरवून देते. अमेरिकेतल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या शिक्षणतज्ज्ञ भावांनी घडवलेली ही रीत. एका जोडीने बाजू मांडायची. दुसऱ्या जोडीने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. पहिली जोडी ‘हो, आम्हाला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग बाजू बदलायच्या. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून काय पटतं ते लिहायचं.

प्रत्येकाला तीन चिंचोके. बोलायचं असेल तेव्हा एक मध्ये ठेवायचा. संपले की ऐकायचं.

एका बाजूचं म्हणणं : तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, रोहिंग्या, प्रत्येकाला वेगळी वागणूक मिळते, कायदा असला तर माणसाचं नशीब सरकारच्या मर्जीवर राहणार नाही. जिथं जिवाला धोका आहे तिथं कुणाला परत पाठवू नये, हे वचन लेखी असलेलं बरं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं : करार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपकडे पाहून. आपण सही न करताही १९५९ मध्ये तिबेटींना आणि १९७१ मध्ये कोटीभर माणसांना आसरा दिला. एवढी लांब सीमा असलेल्या देशाने आधीच हात बांधून का घ्यावेत?

एका गटात आवाज चढतो. एक मुलगा एका आख्ख्या समाजाबद्दल बोलून जातो. मी जवळ जाते, रागावत नाही. आमचा दुसरा नियम त्याला माहीत आहे : माणसाच्या कृतीबद्दल बोलायचं, समाजाबद्दल नाही, आणि कुणीही ‘कुठून कळलं?’ विचारलं तर उत्तर द्यायचं. “व्हॉट्सअॅपवर आलतं,” तो सांगतो. “कुणी लिहिलं?” त्याला माहीत नाही. तो वाक्य मागे घेतो आणि सुरक्षेचा मुद्दा पुन्हा, नीट मांडतो. तो मुद्दा मांडण्यासारखाच आहे. त्याला गप्प केलं असतं तर तो तसाच घेऊन घरी गेला असता.

दुसरीकडे बोलक्या मुलांचे चिंचोके संपलेत, आणि एका मुलीपुढे अजून तीनही आहेत. सगळे तिच्याकडे बघतात. ती एक पुढे सरकवते : “आम्हाला सही करावी असं म्हणायला सांगितलंय. पण मला मनातनं सही करू नये असं वाटतं. आता दोन्हीकडचं मला सांगता येतं.”

५.१५

जाताना प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची : आज माझं कुठलं मत हललं, आणि कुठला प्रश्न उरला. नाव लिहायची सक्ती नाही. मी या चिठ्ठ्यांना गुण देत नाही. गुण मी दुपारच्या पायरीला देते, म्हणजे समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशी मांडली का, याला.

रात्री ९.००

चिठ्ठ्या वाचते. बऱ्याच जणांचं मत तिथंच आहे, पण आता त्याला कारण जोडलेलं आहे. एका चिठ्ठीत प्रश्न आहे : ‘पुरामुळं देश सोडावा लागला तर करारात बसतं का?’

बसत नाही. करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांनी होणारा छळ येतो. पाणी येत नाही. पण समुद्र वर चढत असलेल्या तुवालू या छोट्या बेटदेशाने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी वेगळा करार केला आणि वर्षाला २८० जणांना तिथं जाऊन राहण्याची वाट मिळाली.

चार वर्षांनी ही मुलं मतदार होतील. निर्वासित, हवामान, युद्ध यांवर त्यांना मत विचारलं जाईल आणि घाईनं विचारलं जाईल. तेव्हा उत्तर देण्याआधी त्यांनी ‘कुठून कळलं?’ विचारावं आणि समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकावं, यासाठी नववीची एक दुपार खर्ची पडली तर ती सत्कारणी लागली असं मी मानते.

पुढच्या तासासाठी दोनच कार्डं लिहिते, एक तुवालूचं आणि एक महापुरात बुडालेल्या शिरोळ तालुक्याचं. प्रश्न त्या चिठ्ठीतलाच ठेवला आहे.