'तुंबाड' : हाव, मिरवणं आणि वेड

जुईनगरच्या आजच्या व्याख्यानात आपण राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' घेतला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला हा चित्रपट हिंदीत असला, तरी त्याचा वाडा, पाऊस आणि माणसं आपल्याकडचीच. लोक त्याला भयपट म्हणतात. आपण आज त्याकडे मनाचा थरारपट म्हणून बघू.

कथेतला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनं मिळालं. धान्याला हात घालताच बाकीचे देव तुटून पडले. म्हणून तो सोन्यावर बसलेला, पण कायमचा उपाशी. विनायक त्याला कणकेची बाहुली टाकतो आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हस्तर कोणाच्या घरी येत नाही. माणूसच दोर लावून खाली उतरतो.

बरं, परिणाम माहीत नसतो का? असतो! हस्तरचा स्पर्श झालेली आजी आहे. मरण नाही, अंगातून झाड उगवलेलं. विनायकाने तिला लहानपणी, १९१८ साली पाहिलंय. आईने तुंबाडला परत न जाण्याचं वचनही घेतलंय. तरी पंधरा वर्षांनी तो जातोच. वेड म्हणजे भान सुटणं, असं आपण समजतो. इथे भान शाबूत आहे, फक्त 'पुरे' म्हणता येत नाही.

त्यात मिरवणं आलं. पुण्यातला थाट आणि बाहेरचा संबंध चालवायला पुन्हा मोहरा लागतात. हाव आणते, मिरवणं संपवतं; चक्र चालूच.

खरी किंमत मुलगा मोजतो. पांडुरंगाला बापाची शाबासकी हवी असते. १९४७ मध्ये वाडा सरकारकडे जाणार म्हटल्यावर तोच सुचवतो, भरपूर बाहुल्या नेऊ, अख्खा लंगोटच आणू. पण जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! शेवटी शापित बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो.

आपण बसलोय त्या भागात एकेकाळी भातशेती आणि मिठागरं होती. आज इथे चौरस फुटाचा भाव बोलतात. घर घेणं ही हाव नव्हे. पण आपल्या मुलांनी आपल्या तोंडून 'पुरे' हा शब्द कधी ऐकलाय का, एवढं घरी जाऊन आठवून बघू या.