मोटारसायकलचा कर आणि मोटारीचा कर : तराजू कोणाकडे झुकतो?

नवीन मोटारसायकल घेताना शोरूममध्ये जो हिशेबाचा कागद हाती येतो, त्यावर चार रकमा असतात. गाडीची किंमत, विमा, नोंदणी फी आणि कर. किमतीवर आपण घासाघीस करतो, विम्याबद्दल चार प्रश्न विचारतो. कराच्या आकड्यापुढे मात्र सारे गप्प बसतात. सरकारी रक्कम आहे, बोलून काय उपयोग, असा समज असतो. परंतु हा कर कशावर बसतो, कोणाला जड जातो आणि कोणाला हलका, हे धंदेवाईक माणसाने जाणून घेतले पाहिजे. तो दर भरतो, तेव्हा दराचा न्यायही त्याने तपासावा.

तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. वर्धा नदीच्या काठावरचे हे गाव विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका लागतो. अशा गावाच्या बाजारात आणि यात्रेत बांगड्या विकणारे मनियार, गाद्या भरणारे मन्सुरी, फळे आणणारे बागवान, कुलूप-स्टोव्ह दुरुस्त करणारे कारागीर येतात. त्यांच्यापैकी अनेकांचे दुकान मोटारसायकलच्या कॅरिअरवर बांधलेले असते. त्यांच्या दृष्टीने मोटारसायकल ही चैन नाही, ते धंद्याचे हत्यार आहे. म्हणून कराचा प्रश्न त्यांच्या पोटाशी जोडलेला आहे.

कर कोणाचा आणि कशाबद्दल?

वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यांच्या यादीत ५७ व्या क्रमांकावर, रस्त्यावर वापरण्यास योग्य अशा वाहनांवरील कर, अशी नोंद आहे. आपल्या राज्यात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतला जातो. राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर तो बसतो.

या करामागची कल्पना साधी आहे. सरकार रस्ते बांधते, वाहनवाले ते वापरतात, म्हणून त्यांनी त्याची भरपाई द्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात हेच सांगितले. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच फिरणाऱ्या वाहनांवर हा कर मागता येणार नाही, असा तो निर्णय होता. सार्वजनिक रस्ता वापरलाच नाही, तर भरपाई कशाची, हा त्यातला मुद्दा.

मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. कर रस्त्याच्या वापराबद्दल आहे, तर तो वापराच्या प्रमाणात घेतला जातो का?

दर कसे ठरतात?

पूर्वी मोटारगाड्यांचा कर वजन पाहून आणि वर्षाच्या हिशेबाने घेतला जात असे. आता खासगी मोटारसायकल आणि मोटारगाडी यांना नोंदणीच्या वेळी एकदाच कर भरावा लागतो आणि तो गाडीच्या किमतीच्या टक्केवारीवर असतो. २०१७ मध्ये जे दर ठरले त्यानुसार मोटारसायकलला इंजिनाच्या ताकदीप्रमाणे १०, ११ किंवा १२ टक्के कर आहे. ९९ सी.सी.पर्यंत १०, त्यापुढे २९९ सी.सी.पर्यंत ११ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला १२ टक्के. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलच्या मोटारीला प्रत्येक पायरीवर दोन टक्के अधिक.

किमतीवर कर घेण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. महाग गाडी घेणारा अधिक रक्कम भरतो. एकदा भरला की दरवर्षी आर.टी.ओ.च्या दारात उभे राहावे लागत नाही. किंमत पावतीवर छापलेली असल्याने वादाला जागा राहत नाही. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण या पद्धतीत तीन जागी तराजू एका बाजूला झुकलेला दिसतो.

पहिली जागा : वरची मर्यादा

२०१७ मध्ये सरकारने एका वाहनाचा कर २० लाखांहून अधिक होणार नाही, अशी मर्यादा घातली. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ती ३० लाखांवर नेण्यात आली. आता हिशेब पाहा. ४ कोटींच्या पेट्रोल मोटारीवर १३ टक्क्यांनी ५२ लाख कर होतो, पण मर्यादेमुळे ३० लाखच भरावे लागतात. म्हणजे प्रत्यक्ष दर साडेसात टक्के झाला. उलट १२५ सी.सी.ची एक लाखाची मोटारसायकल घेणारा बांगडीवाला पूर्ण ११ टक्के भरतो. महाग गाड्यांची नोंदणी दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून अशी मर्यादा घालतात, असे समर्थन केले जाते. त्यात व्यवहार असेल, पण समानता नाही.

दुसरी जागा : जुनी गाडी

नोंदणीची पहिली मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी चालवायची तर पुनर्नोंदणी करावी लागते आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो. हा पर्यावरण कर दर पाच वर्षांसाठी मोटारसायकलला २,००० रुपये, पेट्रोलच्या मोटारीला ३,००० रुपये आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीची फी मोटारसायकलला १,००० रुपये आणि मोटारीला ५,००० रुपये केली.

वर्षाचा हिशेब मांडून पाहू. ८० हजारांची ९७ सी.सी.ची नवी मोटारसायकल घेतली, तर १० टक्क्यांनी ८,००० रुपये कर झाला. १५ वर्षांत वाटला तर वर्षाला सुमारे ५३३ रुपये पडतात. तीच गाडी जुनी झाल्यावर पाच वर्षांना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०० रुपये. गाडीची बाजारातील किंमत काही हजारांवर आलेली असते आणि बोजा मात्र वाढतो.

आता ६ लाखांची पेट्रोल मोटार घ्या. नवी असताना ६६,००० रुपये कर, म्हणजे वर्षाला ४,४०० रुपये. जुनी झाल्यावर पाच वर्षांना ८,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६०० रुपये. मोटारवाल्याचा बोजा जवळपास तिसऱ्या हिश्शावर आला आणि मोटारसायकलवाल्याचा वाढला. गाडी वीस वर्षांपलीकडे गेली तर फी आणखी वाढते. ऑगस्ट २०२५ पासून ती मोटारसायकलला २,००० आणि मोटारीला १०,००० रुपये झाली आहे.

जुने इंजिन धूर अधिक सोडते, म्हणून जुन्या गाडीवर कर असावा, हे तत्त्व मान्य. परंतु जुनी मोटारसायकल कोण चालवतो? ज्याला नवी परवडत नाही तो. धुराचा हिशेब करायचा तर मोटारीचा २,००० ऐवजी फक्त ३,००० का, या प्रश्नालाही उत्तर हवे.

तिसरी जागा : खासगी की मालवाहू?

२०२५-२६ च्या त्याच अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर मांडण्यात आला. धंद्याच्या वाहनाला दर कमी, हे योग्यच आहे. पण कॅरिअरवर माल बांधून बाजार करणाऱ्याची मोटारसायकल कागदावर खासगी असते, म्हणून तिला १० किंवा ११ टक्के. पिकअप घेण्याइतके भांडवल असलेला व्यापारी कमी दर भरतो आणि ज्याच्याजवळ तेवढे भांडवल नाही तो अधिक दर भरतो.

शिवाय रक्कम एकदम द्यायची असते. आपल्यातील अनेक बांधव व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि रोखीने गाडी घेतात. त्यांना किमतीवर आणखी आठ-दहा हजार एका दिवसात उभे करावे लागतात. कर्ज काढणाऱ्याच्या हप्त्यात हाच कर मिसळला, तर त्यावर व्याजही चढते.

रस्त्याची झीज कोण करतो?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी घेण्यात आली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. या नियमाने १० टनांचा ट्रकचा आस अर्ध्या टनाच्या मोटारीच्या आसापेक्षा सुमारे १ लाख ६० हजार पट झीज करतो. मोटारसायकलची झीज तर त्याहूनही नगण्य. म्हणजे मोटारसायकल व लहान मोटार यांच्यात रस्ता खराब करण्यावरून भांडण लावण्यात अर्थ नाही. रस्ता खचतो तो अवजड आणि क्षमतेबाहेर भरलेल्या गाड्यांनी. जागेचा विचार केला तर मात्र मोटार अधिक जागा अडवते, आणि बाजाराच्या गल्लीत याचा अनुभव सर्वांना येतो.

वापराप्रमाणे कर घेणारे देशही आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून डिझेलच्या गाड्या किती किलोमीटर धावल्या आणि त्यांचे वजन किती, यावरून रस्ता वापराचे पैसे घेतले जातात. पेट्रोलच्या गाड्या इंधनावरील करातून आपला वाटा देतात. एप्रिल २०२४ पासून तेथे विजेच्या मोटारींनाही किलोमीटरप्रमाणे पैसे पडतात. आपल्याकडे मात्र २०२५ च्या राज्य धोरणानुसार विजेच्या वाहनांना हा कर माफ आहे. पेट्रोलवरचा कर आपणही भरतोच, आणि तो वापराप्रमाणे पडतो. जो रोज ६० किलोमीटर फिरतो तो अधिक भरतो. तेव्हा रस्त्याच्या वापराचा एक हिस्सा पंपावर वसूल होत असताना, सुरुवातीचा एकरकमी कर लहान गाडीवर हलका असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

धंदेवाईकांनी लक्षात ठेवावे

कर गाडीवर असतो. राज्यातल्या राज्यात जुनी गाडी घेतली तर नव्याने एकरकमी कर पडत नाही. कौंडण्यपूरचा माणूस आर्वीची गाडी घेईल तर जिल्हा बदलतो, कर बदलत नाही. नाव मात्र वेळेत चढवून घ्यावे.

बैतूल किंवा बुऱ्हाणपूरकडची मध्य प्रदेशची गाडी स्वस्त मिळते म्हणून आणली, तर बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवल्यास येथील नोंदणी घ्यावी लागते आणि येथील करही भरावा लागतो. खरेदीपूर्वी तो खर्च किमतीत मिळवून पाहावा. उलट आपली गाडी कायमची परराज्यात गेली किंवा भंगारात निघाली, तर भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. गाडी जितकी जुनी तितकी ही रक्कम कमी. अर्ज न करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मोटारगाडी कंपनीच्या नावाने घेतल्यास दर २० टक्के लागतो. म्हणून नाव ठरवण्याआधी हिशेबनीसाला विचारावे. पंधरा वर्षांची मुदत पुस्तकावर पाहून ठेवावी, कारण पुनर्नोंदणीस उशीर झाल्यास महिन्यागणिक जादा फी चढते. आणि पैसे भरण्यापूर्वी त्या दिवसाचा दर आर.टी.ओ.तून खात्री करून घ्यावा, एजंटाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये.

व्यापारी संघटनांनी आपल्या आमदारांपुढे तीन गोष्टी मांडाव्यात. १०० ते १२५ सी.सी.च्या मोटारसायकलींचा दर हलक्या मालवाहू गाडीइतका, म्हणजे ७ टक्के करावा. जुन्या मोटारसायकलीचा पर्यावरण कर मोटारीच्या तुलनेत कमी करावा. आणि महाग मोटारींवरील मर्यादा काढावी, म्हणजे वरच्या दोन सवलतींचा खर्च तेथून निघेल. कर भरण्यास कोणाची ना नाही. बाजारात वजनमाप सर्वांना एकच असते, तसेच करातही असावे.