डिस्को जॅझ
डिस्को जॅझ हा बंगाली गायिका रूपा बिस्वास यांचा १९८२ साली प्रकाशित झालेला अल्बम आहे. त्याचे ध्वनिमुद्रण कॅनडातील कॅलगरी येथे झाले. सरोदवादक आशिष खाँ व तबलावादक प्राणेश खाँ यांचा त्यात सहभाग असून सरोद, गिटार आणि डिस्कोचा ठेका यांचा मेळ हे त्याचे वैशिष्ट्य होय. तबकडीवर चारच रचना आहेत. प्रकाशनानंतर फारसा प्रतिसाद न मिळाल्याने ती विस्मृतीत गेली. पुढे आंतरजालावर ‘आज शनिबार’ हे गीत लोकप्रिय झाले. मूळ प्रती दुर्मीळ असल्याने संग्राहक त्यांना मोठी किंमत देऊ लागले. २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने ती विनाइलवर पुनर्प्रकाशित केली आणि सामान्य श्रोत्यांनाही सुमारे चार दशकांनी ती उपलब्ध झाली.