पुढचा शॉकअप : आधी माप, मग खर्च

पावसाळा ओसरला की आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून मोटारसायकली धुऊनपुसून बाहेर निघतात. कोणी साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठतो, कोणी पत्रादेवी ओलांडून सावंतवाडी-आंबोलीकडे वळतो. हल्ली मुलांबरोबर आमच्या वयाचे निवृत्त सभासदही जोडीने, दोन बॅगा बांधून निघू लागले आहेत. निघण्याआधी टायर, चेन, ब्रेक सगळे तपासले जाते. पुढच्या शॉकअपकडे मात्र तेल गळेपर्यंत कोणी पाहत नाही, आणि पाहिले की थेट महागडा नवा सेट घेण्याची भाषा सुरू होते. आमची सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी माप घ्यावे आणि मग पैसे काढावेत.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत मुख्य गोष्टी दोनच : स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते, तेल स्प्रिंगची उसळी आवरते. तेलाच्या अशा नळ्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर १२ या गाडीवर दिल्या. आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांत मूळ तत्त्व तेच आहे.

शॉकअप कंबरेच्या सुखासाठी असतो, असा समज आहे. त्याचे पहिले काम टायर रस्त्याला टेकलेला ठेवणे हे आहे. घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. स्प्रिंग मऊ असेल तर शॉकअप तिथेच तळाला जातो. पुढे खड्डा आला की दबायला जागा उरत नाही, चाक उडते, आणि पकड नेमकी हवी असते तेव्हाच सुटते. म्हणून मऊ शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप नव्हे.

माप घेणे सोपे आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि उघड्या चकचकीत नळीची लांबी मोजावी. मग नेहमीचे सामान बांधून, हेल्मेट-जॅकेटसह दोघांनी बसावे, तिसऱ्याने गाडी सरळ धरावी आणि चौथ्याने तीच लांबी पुन्हा मोजावी. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या प्रवासासाठी तो एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. आताच्या क्लासिक ३५० ची पुढची हालचाल १३० मिलिमीटर, म्हणजे सॅग साधारण ३२ ते ४३ हवा. हिमालयन ४११ ची २०० मिलिमीटर, तिथे ५० ते ६६. मागे बसणाऱ्याचा बराचसा भार मागच्या चाकावर पडतो. त्यामुळे मागचे शॉकअप आधी जुळवावेत, नाहीतर गाडीची शेपूट बसून हँडल हलके लागते.

सॅग जास्त आला तर स्प्रिंगवर आधीच थोडा दाब द्यावा, म्हणजे प्रीलोड वाढवावा. काही गाड्यांत वरच्या टोपणावर त्याचा स्क्रू असतो, काहींत आत लांब स्पेसर घालावा लागतो. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. प्रीलोड देऊन माप जुळले, पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम बसते आणि खड्ड्यात मात्र शॉकअप तळाला आपटतो, असे झाले तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तेव्हाच नवी स्प्रिंग घ्यावी.

आता तेल. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबावे आणि दाब सोडावा. गाडी वर येऊन तिथेच स्थिरावली तर तेल ठीक. दोन-तीनदा डोलली तर तेल पातळ किंवा जुने झाले आहे. सुस्तपणे वर आली तर तेल गरजेपेक्षा जाड आहे. ओळीने खड्डे आले की असा शॉकअप वर येण्याआधीच पुन्हा दबतो आणि शेवटी दबलेलाच राहतो. मऊ स्प्रिंगवर जाड तेलाचा उतारा करणे म्हणजे एका दुखण्यावर दुसऱ्याचे औषध देणे. तेलाचा दर्जा आणि पातळी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, दोन्ही नळ्यांत अगदी सारखी ठेवावी. पातळी वाढवली की वरची हवा कमी होऊन शेवटची हालचाल कडक होते, पण अति केल्यास सील फुटते.

एवढे करूनही बारीक खड्ड्यांत हात बधिर होत असतील, तर दोष साध्या शॉकअपच्या रचनेतच आहे. त्यात तेल ठरावीक छिद्रांतून जाते. चाक दुप्पट वेगाने वर आले तर रोध जवळजवळ चौपट होतो. यावर एम्युलेटर नावाची झडप मिळते. ती जोराच्या धक्क्याला उघडून तेलाला वाट देते. ती बसवताना सहसा आतल्या दांड्याची छिद्रे मोठी करावी लागतात, आणि मग मूळ स्थितीत परतता येत नाही. हे काम जाणकार मेकॅनिकनेच करावे. टोपणाखाली दाबलेली स्प्रिंग असते, हेही विसरू नये.

आपल्याकडची खरी शत्रू म्हणजे खारी हवा आणि तांबडी माती. हरमल-केरीच्या किनाऱ्यावर नळीला गंजाचे ठिपके पडतात, डिचोलीकडे धूळ सीलखाली शिरते. दोन्हींमुळे सील कापले जाते आणि तेल गळते. ते डिस्कवर पोचले तर ब्रेक लागत नाही. म्हणून दर आठवड्याला नळी मऊ ओल्या फडक्याने पुसावी. रबरी बूट बसवले असतील तर आत पाणी साचत नाही ना, हे अधूनमधून बघावे.

दुसऱ्या गाडीचा अख्खा पुढचा भाग बसवण्याचा विचार असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ ध्यानात ठेवावे. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार त्याला मान्य नाही. वाहतूक कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारावे.

सॅगचे माप, तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर हे सगळे एका वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि ओळखीच्याच रस्त्यावर तपासावा. मागे बसणारी व्यक्ती आपल्या भरवशावर घाट उतरत असते. तिच्यासाठी एका सकाळची ही मोजदाद फार नाही.