माठ, कूलर आणि 'किती?'

नागपुरात मे महिन्यात खिडकीला कूलर लावला की खोली राहण्याजोगी होते. तोच कूलर मुंबईत आणून लावला तर तासाभरात चादरी ओलसर लागतात, अंग चिकचिकतं आणि उकाडा जिथल्या तिथे राहतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं, हे शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण या हवेत किती पाणी वाफ होऊ शकेल आणि त्यातून किती गारवा मिळेल, हे कूलर घेताना कुणी विचारत नाही. पुढे ज्यांना प्रयोगशाळेचं तोंडही पाहायचं नाही, त्यांनीही भौतिकशास्त्र शिकावं ते या 'किती'साठी आणि त्याच्यामागून येणाऱ्या 'कुठवर'साठी, असं मला ठामपणे वाटतं.

माठाचंच पाहा. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवायचं तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. तेच एक ग्रॅम पाणी नेहमीच्या हवेत वाफ होऊन गेलं, तर जाताना सुमारे 580 कॅलरी नेतं. म्हणजे दहा लिटरच्या माठातून शंभर ग्रॅम, जेमतेम अर्धा पेलाभर, पाणी पाझरून उडालं तर 58,000 कॅलरी गेल्या. उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार व्हायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत शिरत असते, म्हणून गारवा त्याहून कमी भरतो. तरीही शंभरातल्या एका भागाने उरलेल्या नव्व्याण्णवांना एवढं थंड करावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. आणि हा हिशेब गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : माठाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यावर ठेवायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्याही पुस्तकाविना कळत होतं, मग शास्त्र हवं कशाला? ते ज्ञान खरंच होतं, आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण अनुभव ज्या गावात मुरतो त्या गावापुरता भरवशाचा असतो. विदर्भातल्या वाळ्याच्या पडद्यांचा अनुभव कोकणात कामी येत नाही, आणि तो का येत नाही हे अनुभव स्वतः सांगू शकत नाही. आकडा सांगतो. हवा 44 अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा फार तर 25 अंशांच्या आसपास उतरते. हवा 34 अंशांची आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर 29च्या खाली ती जाऊच शकत नाही. कूलर कितीही महागाचा घेतला तरी ही मर्यादा हलत नाही.

घराबाहेर हाच हिशेब जिवाशी येतो. आपलं शरीरही घामाच्या बाष्पीभवनानेच थंड राहतं. पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, तो अंगावरचा घाम लवकर उडवतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा वीज खर्च करतो आणि गारवा कुणालाच देत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला आणि उष्माघाताने दहाहून अधिक माणसं दगावली. विदर्भातल्या मे महिन्याच्या मानाने त्या दिवशीचा पारा बराच खाली होता. कित्येक तासांचं ऊन होतं, गर्दी होती. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळायला वेळ लागतो, हेही त्या हिशेबात धरावंच लागतं. नुसत्या तापमानावरून धोका मोजण्याची आपली सवय म्हणूनच अपुरी आहे. कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्यांना आणि मुकादमांना आर्द्रतेचा अर्थ कळणं हा माणसं वाचवण्याचा प्रश्न आहे.

विषय अवघड आहे, सर्वांच्या डोक्यात शिरणार नाही, असंही म्हटलं जातं. अवघड भाग आहेतच. पण अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ होताना पाणी घेऊन जातं ती उष्णता, आणि आर्द्रता हे दोन्ही विषय महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' या एकाच धड्यात आहेत. मुलं व्याख्या पाठ करतात, उदाहरणं सोडवतात, गुणही मिळवतात. वर्गाबाहेरच्या माठाशी त्या धड्याची गाठ घालून दिली जात नाही, ही शिकवण्यातली उणीव आहे. साधनं नाहीत ही सबबही इथे टिकत नाही. दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळायची, दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगायचे आणि थोड्या वेळाने आकडे लिहून घ्यायचे. रत्नागिरीच्या आणि चंद्रपूरच्या शाळेने एप्रिलमधल्या एकाच दुपारी हे करून आकडे एकमेकांना कळवावेत. चंद्रपूरच्या दोन तापमापकांत चांगलंच अंतर दिसेल, रत्नागिरीच्या दोहोंत थोडंच. मग मुलांना एकच विचारावं : यांतल्या कुठल्या गावी कूलर विकत घ्याल, आणि कुठल्या गावी भर दुपारी कबड्डीचा सामना ठेवताना आधी ओल्या मलमलीचा आकडा बघाल?